लांबचा शुक्रवार

शुक्रवार म्हणजे फुटाणे, एवढेच माझे शुक्रवाराविषयीचे ज्ञान लहानपणापासून होते. श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवतीचा कागद भिंतीला लावायची, आम्हा दोघी बहिणींना पाटावर बसवून ओवाळायची आणि ओंजळीत गूळफुटाणे घालायची. पुढे शाळेत नोकरी लागल्यावर, शुक्रवार म्हणजे उद्या अर्धी शाळा, एवढी त्यात भर पडली. पण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला एक असा शुक्रवार भेटला की, त्याचे नावच मुळी ‘लांब शुक्रवार’ असे आहे.

येशू ख्रिस्ताला वधस्तंभावर चढवले तो हा दिवस. इंग्रजीत त्याला ‘गुड फ्रायडे’ म्हणतात; आपले मराठी ख्रिस्ती बांधव ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतात. आइसलँडमधली माणसे मात्र त्याला चांगलाही म्हणत नाहीत नि उत्तमही म्हणत नाहीत. ती नुसतेच ‘लांब’ म्हणतात. त्या दिवसाचे तास सरता सरेनात, हे त्यांनी नावातच धरून ठेवले आहे. ज्याने कुणी ते नाव प्रथम ठेवले त्याने कधीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्र काढली असली पाहिजे, असे मला वाटते.

मी आइसलँडात कशी पोचले ते सांगितले पाहिजे. मी मॅट्रिकपुढे न गेलेली, बालवर्गाला अक्षरे शिकवणारी बाई. तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या एका नायिकेला स्वित्झर्लंडपर्यंतही धाडले. पण स्वतः मी तोवर हैदराबादच्या पलीकडे गेले नव्हते. माझी धाकटी बहीण रेक्याविकला असते. तिचे यजमान जमिनीतल्या वाफेवर वीज तयार करण्याच्या कामातले इंजिनिअर, आणि ती स्वतः तिथल्या एका बेकरीत काम करते. माहेरी जिची एक पोळी कधी गोल आली नाही, ती बेकरीत! आईला हे कळले तेव्हा ती हसून हसून खोकू लागली होती.

२०२४ च्या आषाढात आई गेली. धाकटी पोचली तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यानंतर आमचे बोलणे म्हणजे वेधशाळेची बातमी झाली. ‘थंडी किती?’ ‘पाऊस पडला का?’ ‘जेवलीस का?’ बस्स. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत मेहुण्यांचाच फोन आला. “ताई, तुमचं तिकीट काढलंय. नाही म्हणू नका. तुम्ही दोघी एकदा समोरासमोर बसायला हव्यात.” मी बिनपगारी रजेचा अर्ज केला. आमच्या शाळेतल्या मावशींनी विचारले, “बाई, तिकडं नुसता बर्फच असतो का?” मी म्हटले, “बघून येते आणि सांगते.”

सामानात भाजणी होती, गोडा मसाला होता, कोकम होते, पाडव्यासाठी साखरेच्या गाठी होत्या. आणि एका धुवट रुमालात गुंडाळलेला आईचा हरिपाठ होता. हातभर आकाराची नव्हे, वीतभरच ती पुस्तिका. वरचे पान गळून गेल्यामुळे मी तिला शाळेच्या वह्यांचे तपकिरी कव्हर घातलेले. ती मी धाकटीला द्यायला नेत होते, की घरी एकटी राहू नये म्हणून नेत होते, हे मला त्या वेळी कुणी विचारले असते तर सांगता आले नसते.

धाकटीचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण आजी एकट्याच राहत. वय ऐंशीच्या पुढचे, पाठ ताठ, आणि हातात सदा लोकरीचे विणकाम. त्या देशात कुणी कुणाला आडनावाने हाक मारीत नाही. मुळात बहुतेकांना आडनावच नसते. बापाचे नाव घ्यायचे आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ जोडायचे, की झाले. राष्ट्राध्यक्षालासुद्धा पहिल्याच नावाने पुकारतात. मला काही एवढ्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणे जमेना. मी त्यांना ‘आजी’च म्हणू लागले, आणि हे काहीतरी मानाचे आहे, एवढे त्यांना बरोबर उमगले.

मी पोचले त्याच रात्री खालून एक आवाज येऊ लागला. रेडिओवर कुणीतरी एकसुरात, सावकाश काहीतरी वाचत होते. गाणे नव्हे, भाषण नव्हे. ओळींना लय होती, शेवटाशी यमक येत होते. चार-पाच मिनिटांत आवाज थांबला. मी धाकटीकडे पाहिले. ती भांडी पुसत होती. “रोज असतं हे, त्यांच्या सणापर्यंत,” ती म्हणाली, आणि पाठ वळवून पुन्हा भांडी पुसू लागली. आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की आई अशाच आवाजात हरिपाठ म्हणायची. ती धाकटीलाही आठवली होती, हे तिच्या पाठीवरून मला कळले.

हा सण म्हणजे पुनरुत्थानाचा, ईस्टरचा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार त्याचा; म्हणजे ती पौर्णिमा कधी आपली फाल्गुनी, तर कधी चैत्री. त्याआधी सात आठवड्यांचा उपवासकाळ. पण उपवासाला बसण्यापूर्वी आइसलँडची मंडळी तीन दिवस अशी काही मौज करतात की, आपल्या आषाढी अमावास्येची आठवण व्हावी.

पहिला सोमवार. त्याला ‘बोल्लुदागुर’ म्हणतात, म्हणजे बनपावांचा दिवस. २०२५ साली तो ३ मार्चला आला. पहाटे मी गाढ झोपेत असताना कुणीतरी माझ्या कमरेवर फटाफट मारू लागले. डोळे उघडून पाहते तो सात वर्षांचा भाचा, हातात रंगीत कागदांच्या झिरमिळ्या लावलेली काठी! “मावशी, आठ झाले! आठ बन!” म्हणून नाचतो आहे. रिवाज असा की, मोठी माणसे अंथरुणातून उठण्यापूर्वी मुलांनी त्यांना जितके फटके मारावेत, तितके बन त्यांच्याकडून वसूल करावेत. बन म्हणजे आतून पोकळ, हलके, त्यात मुरंबा आणि घोटलेली साय भरलेली, वर चॉकलेटचा लेप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या बेकरीवाल्यांबरोबर ही चाल तिकडे आली म्हणतात. धाकटी दोन रात्री घरी आली नव्हती. बेकरीत बन भाजीत होती. सकाळी आली ती पिठाने पांढरी आणि डोळ्यांनी तांबडी. मी तिच्यासाठी आल्याचा चहा ठेवला. तिने तो उभ्याउभ्याच घेतला आणि झोपायला गेली.

दुसरा दिवस ‘स्प्रेंगिदागुर’, म्हणजे पोट फुटेपर्यंत खाण्याचा दिवस. हे मी विनोदाने म्हणत नाही. त्या शब्दाचा अर्थच ‘फुटणे’ असा लावतात. खारवलेले मटण आणि पिवळ्या वाटाण्याची दाट आमटी. आजींनी माझ्यासाठी बिनमटणाची आमटी वेगळी काढली होती. चव घेतली आणि मी थक्क झाले. थोडी मोहरी-हिंगाची फोडणी घातली असती, तर आमच्या घरचेच वरण!

तिसरा बुधवार, राखेचा. पूर्वी त्या दिवशी बायका राखेच्या इवल्या कापडी पिशव्या शिवीत आणि वाकवलेल्या टाचणीने पुरुषांच्या पाठीवर नकळत अडकवून देत. पुरुषही उट्टे काढायला बायकांना दगड बांधलेल्या पिशव्या लावीत. पुढे टाचण्या अशा आल्या की, त्या वाकवल्या की मोडू लागल्या, आणि ही थट्टा मागे पडली असे सांगतात. एका टाचणीपायी एक चाल मोडावी, हे मला फार खरे वाटते. चाली मोडतात त्या अशाच क्षुल्लक कारणाने. आता मुले सोंगे घेऊन दुकानादुकानांतून गाणी म्हणत हिंडतात आणि खाऊ मिळवतात. आमचा भाचा मावळा झाला होता. एका दुकानात त्याने पावसाला बोलावणारे आपले मराठी बालगीत म्हटले. त्या देशात पावसाला आणखी बोलावण्याची गरज नाही, पण दुकानदाराला अर्थ कुठे कळत होता! त्याने पसाभर गोळ्या दिल्या. राखेच्या बुधवाराला अठरा भाऊ असतात, असेही तिथे म्हणतात. म्हणजे त्या दिवशी जशी हवा पडेल, तशी पुढे अठरा दिवस पडायची. आजी कॅलेंडरवर खुणा करून ते मोजीत. माझ्या समोर तरी भाऊ काही सगळे एका वळणाचे निघाले नाहीत.

त्यानंतर उपवासकाळ. आता तिथे कुणी उपास करीत नाही. आइसलँडने सोळाव्या शतकात ल्यूथरचा पंथ स्वीकारला. शेवटचा कॅथॉलिक बिशप योन आरासोन याचा १५५० साली शिरच्छेद झाला आणि जुन्या उपासतापासांना उतरती कळा लागली. पण माणसांची जीभ धर्मसभेचे ऐकते थोडीच? त्यानंतरही कितीतरी पिढ्या उपवासकाळात ‘मांस’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा दंडक गावोगाव होता. मांसाला म्हणायचे ‘खुरांचा मासा’! आजींनी हे सांगितले तेव्हा मी खूप हसले, आणि मग मीही त्यांना सांगितले की, आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, त्याला निरोप देतात. धाकटी मध्ये दुभाष्याचे काम करीत होती. ‘दिवा’ या शब्दाशी ती जराशी अडली.

आता त्या रात्रीच्या वाचनाविषयी. ती पन्नास स्तोत्रे आहेत. येशूच्या अखेरच्या यातनांची कथा त्यांत बागेपासून थडग्यापर्यंत क्रमाने गुंफलेली आहे. कवी हाल्ग्रिमुर प्येतुर्सोन, जन्म १६१४ चा. (त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या गोमंतकात फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण छापून निघाले, हे मला तिकडे बसून आठवले आणि उगाचच अभिमान वाटला.) ही स्तोत्रे १६६६ साली होलार येथे छापली गेली. गवत-मातीच्या घरांतून हिवाळ्याच्या रात्री सगळे घर एका खोलीत बसून लोकर पिंजत, कातत, विणत असे आणि एकजण वाचून दाखवी. उपवासकाळात हीच स्तोत्रे. कित्येकांना ती पाठ असत. मेलेल्या माणसाच्या छातीवर हे पुस्तक ठेवून पुरण्याचीही चाल होती. १९४४ पासून ती दर उपवासकाळात रोज एक अशी तिथल्या रेडिओवर वाचली जातात. आजींचे यजमान ऐकताना रेडिओपुढे टोपी काढून बसत. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. पण त्यांची खुर्ची त्या वेळी आजी रेडिओजवळ ओढून ठेवीत.

कवीची हकीकत मी आजींकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली. १६२७ साली उत्तर आफ्रिकेकडचे चाचे जहाजे घेऊन आले आणि दक्षिणेकडच्या वेस्टमान बेटांवरून दोनशेहून अधिक माणसे पकडून अल्जियर्सच्या बाजारात विकायला घेऊन गेले. त्यांत गुद्रिदुर नावाची एका कोळ्याची बायको आणि तिचा लहान मुलगा होता. नऊएक वर्षांनी डेन्मार्कच्या राजाने खंडणी भरून त्यांतली थोडी माणसे सोडवली. गुद्रिदुर सुटली, मुलगा तिकडेच राहिला. सुटलेल्यांना कोपनहेगनला आणले. इतकी वर्षे परधर्मात राहून ही माणसे आपला धर्म विसरली असतील म्हणून त्यांना शिकवायला एक आइसलँडिक विद्यार्थी नेमला. तोच हा हाल्ग्रिमुर. विद्यार्थी बाविशीचा, गुद्रिदुर त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. शिकवणीचे जे व्हायचे तेच झाले. शिक्षण सुटले, निंदा झाली, दोघे मायदेशी परतून लग्न करून राहिली. त्याने व्यापाऱ्यांच्या गोदीवर अंगमेहनत केली. पुढे १६४४ साली त्याला क्वाल्स्नेस नावाच्या ओसाड किनाऱ्यावरच्या चर्चचे पाळकपण मिळाले. तिथे त्यांची स्टेइनुन नावाची तीन-चार वर्षांची मुलगी १६४९ साली वारली. अखेरीस त्याला स्वतःला महारोग झाला आणि १६७४ मध्ये तो गेला. मी कादंबरीत हे सारे लिहिले असते, तर संपादकांनी ‘बाई, एवढं एका माणसाच्या वाट्याला घालू नका’ म्हणून परत पाठवले असते.

पाडवा ३० मार्चला होता. सज्जात गुढी उभारली, ती वाऱ्याने दहा मिनिटांत आडवी केली. शेवटी घरात, खिडकीच्या आत उभारली. साखरेची एक गाठी आजींना दिली. त्यांनी ती खाल्ली नाही. यजमानांच्या तसबिरीला घातली. तसबिरीला हार घालतात हे त्यांना कुणी सांगितले होते, कोण जाणे.

झावळ्यांच्या रविवारच्या सुमाराला तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचा दृढीकरणाचा समारंभ असतो. नवे कपडे, भेटी, जेवणावळी. आपल्या मुंजीच्या थाटाचे सगळे. त्यानंतरच्या आठवड्याला ‘दिंबिलविका’ म्हणतात. पूर्वी त्या आठवड्यात चर्चच्या घंटेचा लोखंडी लोळा काढून लाकडी बसवीत. तिचा नाद दबका, बसलेल्या गळ्यासारखा यावा म्हणून. त्या लाकडी लोळ्याचे नाव आठवड्याला मिळाले. आमच्या वरच्या मजल्यावर तर मी आल्यापासून तोच आठवडा चालू होता. सगळे व्यवस्थित होते. ती मला गरम मोजे आणून देई, मी तिच्या डब्यात थालीपीठ घाली. पण नाद लाकडी.

गुरुवारी सुट्टी होती. मेहुण्यांनी गाडी काढली आणि आम्हाला क्वाल्स्नेसला नेले. विमानतळाच्या पलीकडे, सपाट, झाडाचे नाव नसलेला किनारा. काळ्या दगडांचे छोटे चर्च आणि समुद्राचा वारा. आत तो दगड ठेवला आहे. लेकीच्या थडग्यासाठी बापाने तो स्वतःच्या हाताने कोरला. मध्ये कित्येक वर्षे तो हरवलेला होता. १९६४ साली चर्चच्या पुढच्या फरसबंदीत सापडला. म्हणजे इतकी वर्षे लोक त्यावर पाय देऊन देवाच्या दारात जात होते.

दगडावर मुलीचे नाव आहे, बापाचे आहे, वर्ष आहे. मी जन्मभर मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला लावली आहेत. कोणते अक्षर सवयीने काढले आहे आणि कोणते जीव मुठीत धरून काढले आहे, ते मला लिपी कळली नाही तरी कळते. हे शब्दप्रभू कवीचे अक्षर नव्हते. ज्याला दगड कोरता येत नाही आणि जो तो दुसऱ्याला कोरू देत नाही, अशा माणसाचे ते अक्षर होते. मी तिथून हलेना. मेहुणे भाच्याला घेऊन बाहेर गेले. धाकटी माझ्या मागे उभी होती. “चल ताई, गार पडलंय,” ती म्हणाली.

आणि मग तो शुक्रवार आला, १८ एप्रिलचा.

लांब शुक्रवारी करमणुकीला तिथे कायद्याने बंदी होती. नाच नाही, बक्षिसांचे खेळ नाहीत. काही नास्तिक मंडळी दरवर्षी त्याच दिवशी संसदेसमोरच्या चौकात मुद्दाम बिंगो खेळत बसत आणि आम्हाला पकडा म्हणत. २०१९ साली ती बंदी उठली. पण बंदी उठली म्हणून दिवस काही आखूड झाला नाही. आजी सांगत, त्यांच्या लहानपणी त्या दिवशी मोठ्याने हसले तरी आई डोळे वटारी. मुलांना वाटे, आज रात्र व्हायचीच नाही. एप्रिलमध्ये तिथे संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे तेही खोटे नव्हे.

दुपारी आम्ही दोघी शहराच्या माथ्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये गेलो. हाल्ग्रिमुरच्याच नावाचे ते चर्च. ७४ मीटरांहून उंच, १९४५ साली पायाला हात लागला आणि १९८६ साली पूर्ण झाले. लांब शुक्रवारी तिथे पन्नासच्या पन्नास स्तोत्रे एका बैठकीत वाचतात. पाचेक तास लागतात. वाचणारे बदलतात, ऐकणारे येतात, घटकाभर बसतात, जातात. काही मात्र उठत नाहीत. मला पिलाताचे नाव आले की ते ओळखू येई, पेत्राचे येई. बाकी सारे नुसते नाद. तरी तासाभराने माझे मन त्या लयीत असे बसले की, पुढचे यमक कुठे पडणार ते मला आधीच कळू लागले. आमच्या बालवर्गातली मुलेही कवितेचा अर्थ न कळता अशीच बरोबर जागी मान हलवतात.

आणि मधेच, मान पुढेच ठेवून, धाकटी म्हणाली, “आईचा हरिपाठ कुठाय?”

“माझ्या पिशवीत.”

“घरी?”

“नाही. इथे. मांडीवर.”

तिने पिशवीकडे पाहिले, पण हात लावला नाही. आणखी सात-आठ स्तोत्रे झाली असतील. मग ती उठली, तशी मीही उठले. आम्ही उतारावरून समुद्राकडे चालत गेलो. दुकाने बंद, रस्ते मोकळे, वारा समोरून. किनाऱ्याशी आल्यावर तिने विचारले, “तू मला का नाही कळवलंस ताई?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नऊ महिने तयार होते. आईनेच शपथ घातली होती. ‘तिची नोकरी नवी आहे, पोर लहान आहे, धावत येईल, तिला सांगू नको.’ यात एक अक्षर खोटे नाही. हेच मी सगळ्यांना सांगितले होते, आणि सगळ्यांनी आईचे कौतुक केले होते. पण आदल्या दिवशी तो दगड पाहिला होता. त्या दिवशी ते पाठ केलेले उत्तर माझ्या तोंडातून निघेना.

मी म्हटले, “आठव्या दिवशी आई म्हणाली होती, आता तिला बोलाव. मी नाही बोलावलं. आणखी पाच दिवस नाही बोलावलं.”

ती काही बोलली नाही. एकदा तोंड फुटल्यावर मला थांबता येईना. सतरा वर्षे आईचे पाय मी चेपले, औषधे मी मोजली, रात्री मी जागले. आणि फोन तुझा वाजला की तिचा चेहरा जसा फुलायचा, तसा माझ्यासाठी एकदाही फुलला नाही. शेवटचे चार दिवस तरी मला ती एकटीला हवी होती. तू आली असतीस तर तिने माझ्याकडे पाहिलेही नसते. आणि मी समजत होते की अजून वेळ आहे. डॉक्टरही म्हणत होते, आहे म्हणून. हे सगळे मी वाऱ्यात ओरडून सांगितले, कारण हळू बोलले तर ऐकू जात नव्हते. असली गोष्ट ओरडून सांगावी लागणे किती लाजिरवाणे, ते ज्याचे त्यालाच माहीत.

धाकटी बराच वेळ समुद्राकडे पाहत उभी राहिली. मग चालू लागली. मी चार पावले मागून. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. तिने वरणभाताचा कुकर लावला, भाच्याला जेवू घातले, निजवले. मेहुण्यांनी काहीतरी ओळखले आणि तेही लवकर झोपायला गेले. दिवस मावळता मावळेना.

रात्री खाली रेडिओ लागला. त्या पन्नास स्तोत्रांत एक गोष्ट आहे; ती मला आजींनीच सांगितली होती. त्यांत पुनरुत्थान नाही. शेवटचे स्तोत्र थडग्यावर बसवलेल्या पहारेकऱ्यांपाशी संपते. कवी तिथेच थांबतो. पुढचे रविवारी ज्याने त्याने पाहावे.

आवाज बंद झाल्यावर धाकटीने हात पुढे केला. मी रुमाल सोडून पुस्तक दिले. तिने कव्हर चाचपले, “तुझ्या शाळेचं का?” म्हणाली. मग म्हणाली, “तू वाच. तुझा आवाज तिच्यासारखा आहे.” मी सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या ओळीला माझा घसा दाटला. तिने पुस्तकाकडे न पाहताच पुढे म्हणायला सुरुवात केली. मला वाटले होते, ती विसरली असेल. एकही शब्द चुकला नाही. फक्त एके ठिकाणी ती जरा थांबली, बरोबर जिथे आई श्वास घेण्यासाठी थांबायची तिथे.

तिने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. शनिवारी पहाटे ती बेकरीत गेली आणि जाताना माझ्या अंगावरचे पांघरूण सारखे करून गेली. पण ते ती आधीही करीत होती की काय, हे मला ठाऊक नाही.

ईस्टरच्या रविवारी पहाटे सूर्य उगवताना आनंदाने नाचतो, अशी तिथली जुनी समजूत. आजींनी आम्हाला साडेपाचच्या आधीच उठवले. आम्ही सगळे अंगावर मिळेल ते चढवून मागच्या अंगणात उभे राहिलो. भाचा मेहुण्यांच्या खांद्यावर झोपलेला. क्षितिजाशी ढगांची एक पट्टी होती. सूर्य वर आला तो त्या पट्टीतून, चांगला हातभर चढल्यावर. नाचबीच काही दिसला नाही. आजी म्हणाल्या, “माझे वडील सांगायचे, तो नाचून गेला, तुम्हीच उशिरा आलात.” त्यांनी आपल्या आयुष्यात एकदाही तो नाच पाहिला नव्हता. दरवर्षी उठत मात्र होत्या.

मग घरात येऊन अंडी फोडली. अंडी चॉकलेटची, वर पिवळे पिसांचे पिल्लू, आत गोळ्या आणि घडी केलेला एक कागद. त्या कागदावर एक म्हण छापलेली असते. प्रत्येकाने आपापली मोठ्याने वाचायची. मिठाईच्या पोटात म्हण घालणारे हे राष्ट्र एका मास्तरणीला आवडले नाही तरच नवल! माझ्या अंड्यात निघाले: पुस्तक नसलेला माणूस आंधळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याने आपली वाचली आणि अर्थ कळला नाही म्हणून रागाने चॉकलेट खाऊ लागला.

धाकटीने आपला कागद उलगडला, वाचला, आणि पुन्हा घडी घालून हरिपाठाच्या पानांत ठेवून दिला. पुस्तक तिच्याच फडताळावर होते.

“काय आहे गं?” मी विचारले.

“उन्हाळ्यात सांगीन.”

आइसलँडच्या पंचांगात उन्हाळ्याचा पहिला दिवस ठरलेला असतो. १८ एप्रिलनंतर येणारा पहिला गुरुवार. हवा कशीही असो, त्या दिवशी सुट्टी असते, मिरवणुका निघतात आणि लोक एकमेकांना उन्हाळ्याच्या शुभेच्छा देतात. त्या वर्षी तो २४ तारखेला होता, आणि माझे परतीचे तिकीट २६ चे होते.